मिशीविषयी जनतेचा अभिप्राय

नारू या विषयावर माझ्याइतकं सुंदर बोलणारा माणूस उरणपासून रेवदंड्यापर्यंत दुसरा नव्हता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो! आता, तसं मत माझ्याशिवाय आणखी कुणाचंही नव्हतं, एवढीच काय ती अडचण.

गोष्ट सन एकतीसची. मी फायनल पास होऊन तीन वर्षं घरी बसलो होतो. आमचं घर किहीमच्या मागल्या बाजूला, भातशेतीत. तेवढ्यात अलिबागेस नारू निवारक मंडळ नावाची एक परोपकारी संस्था निघाली. नारू म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक नाही ते भाग्यवान! पायऱ्यांच्या विहिरीत लोक पाय बुडवून उभे राहतात, तेच पाणी न गाळता पितात, आणि वर्षभरानं पायातून हातभर लांब, दोऱ्यासारखा किडा बाहेर येऊ लागतो. तो नारू. उपाय एकच. दुहेरी फडक्यातून पाणी गाळून प्यायचं.

एवढंच लोकांना सांगण्यासाठी मंडळानं मॅजिक लँटर्न घेतला होता. दिवेलागणीला पडदा लावायचा, काचेवरची चित्रं मोठी करून दाखवायची आणि पडद्याशेजारी उभं राहून एकानं व्याख्यान द्यायचं. तो एक म्हणजे मी! दिवा सांभाळायला बाबाजी नावाचा म्हातारा होता. त्याचे डोळे अधू झालेले, त्यामुळे चित्र कधी उलटं लागे, पण माणूस भला.

तीन व्याख्यानं उमेदवारीची. पहिलं उरणला, दुसरं नागावला, तिसरं रेवदंड्याला. तिसऱ्याला खुद्द मंडळाचे डॉक्टरसाहेब येऊन बसणार आणि लोकांचे अभिप्राय वाचून माझी जागा कायम करायची की नाही ते ठरवणार. घरी बाबांनी, म्हणजे धर्माजी थळ्यांनी, आपला निकाल आधीच देऊन ठेवला होता.

"कायम झालास तं बरा हाय. न्हाय झालास तं येत्या आवनीला शेतात उतर. चिखल तुला वलखतो."

मला भातलावणीचा चिखल नको होता. मला टाळ्या हव्या होत्या. त्यामुळे सगळा भार येऊन पडला त्या अभिप्रायांच्या वहीवर.

आता या वहीचा कायदा ऐका. व्याख्यान संपलं की पाच श्रोत्यांचे अभिप्राय घ्यायचे. ज्याला लिहिता येत नाही त्याचा अभिप्राय व्याख्यात्यानं स्वतःच्या हातानं, शब्दाला शब्द लिहायचा, मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि खाली त्याचा अंगठा घ्यायचा. उरणच्या मिठागरावरच्या लोकांत लिहिणारा एकही नव्हता. म्हणजे माझ्याबद्दल जे काय बोललं जाईल ते मीच लिहायचं, मीच वाचायचं, आणि वर त्यांचा अंगठा शाईत मीच बुडवायचा!

उरणचं व्याख्यान मी तासभर दिलं. घसा कोरडा पडला. मग वही उघडून मोठ्या उमेदीनं पहिल्या गृहस्थाला विचारलं, "बोला, कसं वाटलं?"

"कोट मोठा हाय."

"कोट राहू दे. व्याख्यान कसं वाटलं?"

"त्येच सांगतोय. कोट थोरल्या भावाचा असंल. तं थोरल्या भावालाच पाठवायचा व्हता."

लिहिलं! काय करणार? कायदा म्हणजे कायदा. दुसरा म्हणाला, मास्तर फार वाळका आहे, यालाच नारू झालाय काय? तिसऱ्याला माझी टोपी पसंत नव्हती. चौथी काशी नावाची बाई, तिनं डोक्यावरचा पदर सारखा करून शांतपणे सांगितलं, "ह्याची मिशी हालते. मंग चित्राकडं ध्यान ऱ्हात न्हाय." पाचव्यानं चौथीला दुजोरा दिला.

मी सगळं वाचून दाखवलं. "बरोबर लिवलंस! अक्षर चांगला हाय," असं सगळे एकमुखानं म्हणाले. त्या संध्याकाळी माझ्याबद्दल निघालेला तेवढाच एक चांगला शब्द, आणि वहीत तो लिहायला जागा नव्हती.

पण मी खचणारा माणूस नव्हतो. लोकांना रूप हवंय ना? ठीक आहे! पंधरा दिवसांत कोट शिंप्याकडून आवळून घेतला. टोपी बदलली. आईला सांगून दोन वेळा तांदळाची पेज आणि वर खोबरं सुरू केलं, गाल थोडे भरले. मिशीला मात्र हात लावला नाही. मिशी आमच्या घराण्यात बाबांसारखी, झुपकेदार. तेल लावून ती दोन्हीकडून वर वळवली आणि नागाव गाठलं.

नागावला पाचही अभिप्राय मिशीवर आले! एकही इकडे तिकडे गेला नाही.

मनुबाई म्हणाली, "माझा नातू मिशी बगून दचाकला. घरी जाऊन दूध पिला न्हाय तं मंडल भरून देनार काय?" तुळशीराम नावाचे गृहस्थ मुंबईला गोदीत काम करून आलेले. त्यांना घड्याळाची सवय. ते म्हणाले, "एक बाजू वर, एक खाली. पूर्ण वेळ मी सव्वाआठच बघत होतो."

मी जवळजवळ हात जोडले. "अहो, नारूबद्दल काही? पाणी गाळायचं की नाही?"

"नारूचा ठीक व्हता," मनुबाई म्हणाली. "पन मिशी!"

परतताना मी बैलगाडीत डोकं धरून बसलो होतो. पुढं रेवदंडा! समोर डॉक्टरसाहेब! आणि या वहीत दहा अभिप्राय, त्यांत सात मिशीचे. आवणीचा चिखल मला पोटऱ्यांपर्यंत जाणवू लागला. अलिबागच्या कोर्टातले नवे वकील मी पाहिले होते. सगळे सफाचट! त्यांच्या मिशीवर कोण काय बोलणार?

"बाबाजी," मी म्हणालो, "मी मिशी काढणार."

बाबाजीनं बैलांच्या शेपट्यांवरची नजर काढून माझ्याकडे वळवली. "मास्तर, मिशी काढायची म्हंजे…"

"बाबाजी, तुम्ही दिव्याकडे बघा! बोलायचं काम माझं आहे."

तो बिचारा पुन्हा बैलांच्या शेपट्यांकडे पाहू लागला. त्या वेळी मी त्याला बोलू दिलं असतं तर!

व्याख्यान शुक्रवारी होतं. दवंडी वगैरे द्यायची म्हणून आम्ही मंगळवारीच रेवदंड्याला पोचलो आणि मी तडक चंदर न्हाव्यासमोर जाऊन बसलो.

"मिशी काढ."

"कोरू?"

"कोरू नको. पुरी काढ."

चंदरचा हात हवेतच थांबला. त्यानं वस्तरा खाली ठेवला, हात जोडले, पुन्हा वस्तरा उचलला. आवाज एकदम खाली गेला. "कसा झाला, मास्तर?"

माणसाला आपल्या दुःखाची चौकशी करणारा भेटला की राहवत नाही. मी भडाभडा बोललो. "काय सांगू! उरणला सुरुवात झाली. वाटलं, सुधारेल. पैसा ओतला, खाणंपिणं वाढवलं. पण नागावला सगळं संपलं!"

"अरेरे! नागावला व्हय? आन डोका?"

"डोकं राहू दे. डोक्याबद्दल कुणाची तक्रार नाही."

त्यानं मिशी काढली ती डोळे पुसत पुसत. पैसे घेईना. मला वाटलं, काय हा कनवाळू न्हावी! आणि वाचकहो, तुम्ही आता कपाळावर हात मारून घेतला असेल. आपल्याकडे सफाचट मिशी कोण करतो, आणि कधी करतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बाप गेला म्हणजे! पण माझ्या डोक्यात त्या दिवसांत दुसरं काही शिरतच नव्हतं. माझ्या लेखी मिशी ही फक्त एक तक्रार होती, आणि तिचं निवारण झालं होतं.

मग रेवदंड्यात माझा जो काय मान वाढला म्हणता! रस्त्यानं निघालो की माणसं बोलता बोलता थांबत, हात जोडत आणि चार हात लांब सरकत. मला वाटलं, दरारा! ते सुतक पाळत होते. नीराबाई कोळणीच्या पडवीत आमची उतरण्याची सोय होती. घरात सुरमई तळल्याचा वास सुटलेला, आणि माझ्या ताटात नुसता भात आणि पाण्यासारखी डाळ!

"नीराबाई, मासळी?"

ती डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "तेरा दिस जाव दे, भावा." आणि आत गेली. मी बाबाजीकडे पाहिलं. बोलायचं काम माझं, म्हणून तो शेजारी बसून मुकाट्यानं सुरमईचा काटा काढत होता. मी ठरवलं की डॉक्टरसाहेबांनी व्याख्यात्यासाठी काही पथ्य कळवलं असावं.

दुसऱ्या दिवशी नीराबाई भात वाढताना म्हणाली, "आयला येकटी नको ठेवू."

"एकटी कुठली? बाबा आहेत ना तिच्याजवळ!"

नीराबाईनं वर आभाळाकडे पाहिलं. "व्हय रे बाबा. त्ये हायतच. त्ये कुटं जातात!"

इकडे चंदरनं गावभर सांगितलं होतं की बाप नागावला वारला, तरी हा माणूस आपल्या गावाच्या पायांतला नारू जावा म्हणून सुतकात भाषण करायला आलाय. असा मानूस झाला न्हाय! आणि बुधवारी सकाळी सगुणा कोळीण सुक्या बोंबलांची पाटी घेऊन अलिबागच्या बाजारात गेली. पाटी दुपारी रिकामी झाली, पण बातमी सकाळीच खपली. तारेपेक्षा लवकर ती आमच्या किहीमच्या सोयऱ्यांत पोचली. मला यातलं काही म्हणता काही ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी कोळीवाड्यातल्या विहिरीजवळ पडदा लावला. दिवे लागले आणि मी पाहतच राहिलो. माणसं! नुसती माणसं! होड्यांवर, वाळत घातलेल्या जाळ्यांच्या काठ्यांपाशी, ओट्यावर, सगळीकडे. पुढं खुर्चीवर डॉक्टरसाहेब, मांडीवर ती वही. आणि चकार शब्द नाही! कोट मोठा म्हणेना कुणी, वाळका म्हणेना कुणी. मी तोंड उघडलं आणि पहिल्याच वाक्याला बायांनी पदर डोळ्यांना लावले.

"मंडळी, हा नारू हळूहळू माणसाला पोखरतो…"

एक हुंदका आला. मग दुसरा.

"घरातला कर्ता पुरुष आडवा होतो…"

झालं! विठोबा तांडेल म्हणून गावातल्या सर्वांत मोठ्या होडीचा तांडेल, समुद्रात वादळ आलं तरी ज्याचा चेहरा हलत नाही, तो धोतराच्या सोग्यानं नाक पुसू लागला. डॉक्टरसाहेब थक्क! ते मागं वळून बाबाजीला म्हणाले ते मी ऐकलं, "असा परिणाम मी जन्मात पाहिला नाही!" माझं अंग मोहरून आलं. कायम! कायम झालो मी! त्या क्षणी मी कायम होतो, याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही.

इतक्यात पडद्यावर एक अजस्र सावली पडली. झुपकेदार मिशीची.

कुणीतरी थेट दिव्याच्या झोतात येऊन उभं राहिलं होतं. पांढरं धोतर, खांद्यावर पांढरी घोंगडी, हातात काठी. माझे बाबा! गुरुवारी सकाळपासून त्यांच्या दारात रडत आलेल्या सोयऱ्यांची रीघ लागली होती. आत्याबाई तर सुतकाच्या घरी पाठवतात त्या कडू घासाचं टोपलंच डोक्यावर घेऊन आल्या होत्या, आणि स्वतःच्या नावानं आलेला तो भात बाबांनी दोनदा मागून खाल्ला होता. मग बातमी कुठून निघाली याचा माग काढत काढत ते शुक्रवारी पहाटे बैलगाडीत बसले होते. दिवसभराच्या धुळीनं ते नखशिखांत पांढरे झाले होते. माझ्या ओठावर नजर जाताच ते कडाडले.

"माज्या जितेपनी मिशी काढलीस?"

कोळीवाड्याच्या माना एकदम तिकडे वळल्या. विठोबा तांडेलानं कसंबसं विचारलं, "तुमी कोन?"

"मी? मी ह्याचा मेलेला बाप!"

पुढं जे झालं ते मी लिहू शकत नाही, कारण मला दिसलं नाही. सगळे माझ्या अंगावरून पळत होते. "भूत! भूत!" जाळ्यांच्या काठ्या कडाकड मोडल्या. नीराबाई उलट्या होडीखाली शिरली. विलायतेत शिकून आलेले डॉक्टरसाहेब खुर्चीवर उभे राहिले होते. बाबा मध्ये उभे राहून ओरडत होते, "आरं मी जिता हाय! जिता हाय!" आणि ते जितकं मोठ्यानं ओरडत तितकं गाव लांब पळत होतं.

लांबून विठोबा तांडेलाचा आवाज आला. "पाय बगा! पाय उलटे हायत काय त्ये बगा!"

भुताचे पाय उलटे असतात, हे शास्त्र. बाबाजीनं लँटर्न खाली वाकवला. उजेडाचा गोल बाबांच्या पायांवर पडला. बाबांनी रागारागानं धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं. "बगा! बगा मेल्यांनो! सुलटे हायत!"

पाय सुलटे होते. पण उजव्या पोटरीवर एक मोठा, काळपट, ओढलेला वण होता आणि तो पाय डाव्यापेक्षा सुकलेला होता. माणसं एक एक पाऊल पुढं आली.

"ह्यो काय झाला, म्हाताऱ्या?" विठोबानं विचारलं.

"काय झाला? नारू झाला!" बाबा खाली बसले. दिवसभराच्या प्रवासानं पाय दुखत असावा, ते तो चोळू लागले. "ह्यो रघू पालन्यात व्हता. आवनीच्या तोंडावर किडा हितून भायेर आला. काडीला गुंडालला, रोज येवडा येवडा वढायचा. येक दिस तुटला. पाय भोपल्यावानी सुजला. सहा म्हैने खाटंवर! ह्याची आय पोराला पाठीला बांदून चिखलात, आन मी खाटंवरनं बगतोय." त्यांनी वणावर बोट ठेवलं. "येक फडका लागला असता. घरात फाटका लुगडा नव्हता काय? व्हता. कोनी सांगितलाच न्हाय."

माणसं आणखी जवळ सरकली. नीराबाई होडीखालून बाहेर येऊन बसली. बाबा बोलत राहिले, मध्येच मला शिव्या देत, मध्येच पाय दाखवत. तो पाय मी लहानपणापासून पाहत होतो. थंडीत त्याला तेल मीच लावायचो. पण तो काचेवर नव्हता ना! म्हणून व्याख्यानात घ्यावा असं मला कधी सुचलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच विहिरीवर एकही बाई दुहेरी फडक्याशिवाय घागर भरत नव्हती. मला आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही. पण फार नाही.

त्या शुक्रवारी रात्री मात्र अभिप्राय घेणं भागच होतं. कायदा! मी वही घेऊन बसलो. "म्हातारा दिसायला राजा." "मिशी असावी तं अशी." "पाय फार चांगला दाखवला." नीराबाई म्हणाली, "बापाचा रूप लेकाला आला न्हाय, त्याला कोन काय करनार?" सगळं लिहिलं, वाचलं, अंगठे घेतले. मग डॉक्टरसाहेबांनी घसा साफ केला.

"व्याख्यात्याची जागा आजपासून कायम. लिहून घ्या."

मी सरसावून बसलो. टाक शाईत बुडवला आणि ठसठशीत अक्षरांत लिहिलं, रघुनाथ धर्माजी थळे.

डॉक्टरसाहेबांनी वाकून वाचलं. "बरोबर आहे. त्यातला पहिला शब्द तेवढा खोडा."

मी खोडला.

बाबाजीनं डोळ्यांचं कारण सांगून काम सोडलं आणि दिवा माझ्याकडे आला. शेत चुलतभावानं केलं, म्हणजे चिखल चुकला, असं आई समजूत घालते. बाबा आता कोट घालतात. गाडीत पुढं बसतात. माझी मिशीही पुन्हा पूर्वीसारखी आली आहे, पण दिव्यामागच्या काळोखात ती कुणाला दिसणार? परवा उरणला पुन्हा व्याख्यान झालं. लोक बाबांच्या पायाला हात लावून गेले. अभिप्राय घ्यायला बसलो तर पुढं तीच काशी! मला वाटलं, निदान ही तरी ओळखेल, चार शब्द बरे बोलेल.

"लिव," ती म्हणाली. "म्हातारा झ्याक दिसतो. दिव्यामागं कोनीतरी हुभा असतो, त्याचा थोबाड दिसत न्हाय. ह्ये मंडलानं लय चांगला केला."

शब्दाला शब्द लिहिलं. मोठ्यानं वाचून दाखवलं. "बरोबर लिवलंस," ती म्हणाली. मी तिचा अंगठा शाईत बुडवला.